‘आहे’ आणि ‘होती’ यांच्या मधली तीनशे पानं

मूल गेल्याची कादंबरी वाचताना माणूस रडतो. मूल हरवल्याची कादंबरी वाचताना बहुतेकांना रडू येत नाही, आणि त्याचीच आधी भीती वाटते. आपण कोरडे झालो की काय, असं मनात येतं. घसा दाटतो, पोटात गोळा येतो, पुस्तक खाली ठेवलं तरी जीव टांगणीला लागलेला राहतो, पण डोळ्यांत पाणी नसतं. अशी पुस्तकं एकत्र बसून वाचणाऱ्या आम्हा लोकांना हे इतक्या वेळा दिसलं आहे की नव्या वाचकाला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं: रडू येत नसेल तर वाचन बरोबर चाललं आहे. रडायला काहीतरी संपलेलं असावं लागतं. इथे शेवटच्या पानापर्यंत काहीच संपत नाही.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण रस आणि विप्रलंभ, म्हणजे विरहाचा शृंगार, यांतला भेद सांगताना भरतमुनींनी नेमकं याच जागी बोट ठेवलं आहे. करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. करुणात पुन्हा भेटीची आस उरलेली नसते. विप्रलंभात विरह असतो, काळजी असते, पण आस शिल्लक असते. विप्रलंभ हा शृंगारातला, प्रेमिकांचा, हे खरं. पण आस असलेलं दुःख आणि आस संपलेलं दुःख या दोन निराळ्या जाती आहेत, हे सूत्र हरवलेल्या मुलाच्या कादंबरीला चपखल बसतं. ही कादंबरी वाचकाला दोन्हींच्या उंबरठ्यावर उभं करते. एका पानावर आस असते, पुढच्या पानावर नसते, त्याच्या पुढच्यावर पुन्हा येते. दमवते ती ही आस. दुःख त्या मानाने सोपं.

सुरुवातीची पंचवीस-तीस पानं सावकाश वाचावीत. मलपृष्ठावरचा मजकूर वाचूनच पुस्तक हातात घेतलेलं असतं, त्यामुळे मूल हरवणार हे आईबापांच्या आधी आपल्याला माहीत असतं. मग ‘कधी एकदा ते पान येतंय’ अशी घाई होते आणि सकाळची गडबड, बहिणीशी भांडण, बुटाची सुटलेली नाडी हे सगळं डोळ्यांखालून भरभर निघून जातं. या प्रकारच्या वाचनात सगळ्यात जास्त होणारी चूक ही. लेखकाने या पानांत तीन-चार वस्तू आणि एक-दोन सवयी पेरलेल्या असतात: एखादा कपडा, एखादा चुकीचा उच्चारलेला शब्द, झोपण्याची तऱ्हा. पुढे शोधाच्या वेळी वर्णन सांगताना, मग खोली आवरताना, मग कुणीतरी काहीतरी सापडल्याचा निरोप आणल्यावर याच वस्तू परत येतात. त्या आधी नीट पाहिलेल्या नसतील तर दोनशे पानं आपण कुणा अनोळखी मुलाची वाट पाहत बसतो. हाताशी पेन्सिल ठेवावी आणि समासात एक बारीक रेघ मारत जावी. एवढं पुरतं.

हरवण्याचं पान आलं की बहुतेकांचा डोळा आपोआप वर जातो. परिच्छेद पुन्हा वाचला जातो, कधी तीनदा. काहीतरी निसटलं, असं वाटतं. काही निसटलेलं नसतं. चांगला लेखक मूल हरवताना दाखवतच नाही. एका वाक्यात ते आहे, पुढच्या वाक्यात कुणीतरी वळून पाहतं आणि ते नाही. जे घडलं ते दोन वाक्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत घडलं. इयन मॅक्युअनच्या 1987च्या ‘द चाइल्ड इन टाइम’मध्ये बाप तीन वर्षांच्या मुलीला घेऊन सुपरमार्केटमध्ये गेलेला असतो आणि पैसे देण्याच्या ठिकाणी, सामान काढून ठेवण्याएवढ्या वेळात, ती जाते. किती वेळ गेला हे अशा पानांवर फार काटेकोर सांगितलेलं असतं, कारण पुढे आईबाप आयुष्यभर तेवढाच वेळ मोजत बसणार असतात. वाचकानेही वर जाऊन पुन्हा वाचलं, म्हणजे त्यानेही तोच वेळ मोजला. काळजात धस्स होणं आणि लगेच मागे वळून शोधणं हे एकाच क्षणी होतं. तिथे पुस्तक मिटू नये. आणखी पाच-सहा पानं वाचावीत, आजूबाजूचे लोक गोळा होईपर्यंत. तो एकटेपणा पुस्तकाबाहेर घेऊन उठलं तर दिवसभर पाठ सोडत नाही.

यानंतर काळ विचित्र वागू लागतो. पहिल्या एका तासाला चाळीस पानं मिळतात आणि पुढे कधीतरी तीन वर्षं एका परिच्छेदात आटोपतात. पहिल्या तासाच्या पानांत वाचण्याचा वेग वाढतो. एरवी तासाला चाळीस पानं वाचणारा माणूस साठ वाचू लागतो. श्वास वरवर चालतो, खांदे कानांकडे चढलेले असतात, दातावर दात घट्ट बसलेले असतात आणि हे लक्षातही येत नाही. आलं, की पुस्तक मांडीवर पालथं ठेवून पाय जमिनीला टेकवावेत आणि दोन-तीनदा श्वास लांब सोडावा. घ्यायचा नंतर, आधी सोडायचा. मग त्याच पानाच्या सुरुवातीपासून वाचावं, कारण शेवटची दोन पानं नक्कीच नुसती चाळली गेलेली असतात.

या वेगातच वाचकाचा गुप्तहेर होतो. काका जरा जास्तच मदत करतोय. शेजारचा उगाच हसला. बाप वेळ सांगताना एकदा अडखळला. हा संशय म्हणजे निवारा असतो. ‘कुणी नेलं’ या प्रश्नाला उत्तर असू शकतं. ‘ही बाई उद्या सकाळी उठून काय करेल’ याला नसतं. म्हणून मन पहिल्याकडे पळतं. त्यात वाईट काही नाही, पण तो संशय पेन्सिलने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावा: कुणावर, कितव्या पानावर, कशावरून. पुढे बहुतेक वेळा तो माणूस निर्दोष निघतो, आणि तोवर कादंबरीतल्या गावानेही त्याचं जगणं मुश्कील केलेलं असतं. आपण त्या गावाबरोबर होतो, हे आपल्याच अक्षरात समोर येतं. ते ओशाळलेपण टाळू नये. अशा पुस्तकांतून जे थोडं कायमचं हाती लागतं, त्यात आम्ही याला फार वर ठेवतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. या कादंबऱ्यांत सगळ्यात मोठी घटना क्रियापदात घडते.

समजा, असा प्रसंग आहे. पोलीस अधिकारी आईला विचारतो, झोपताना काही सवय? आई सांगते, ‘दिवा मालवला की ती झोपत नाही.’ शेजारी बसलेली मावशी दुजोरा देते, ‘हो, दिवा लागायचाच तिला.’ आई तिच्याकडे न पाहता म्हणते, ‘लागतो.’ बस्स, एवढंच. मावशीच्या मनात काही नव्हतं. तिच्या जिभेने आईच्या आधी निकाल लावला, इतकंच. मराठीत हा सगळा फरक ‘लागतो’ आणि ‘लागायचा’ यांच्यात, शब्दाच्या शेपटात राहतो. वाचकाच्या मानेवर काटा येतो तो त्या शेपटाने. मग दीड-दोनशे पानांनी, कुणा पाहुणीशी बोलताना, आई सहज म्हणून जाते, ‘दिवा मालवला की झोपायची नाही ती.’ तिच्या ते ध्यानातही येत नाही. लेखक त्यावर एक शब्द बोलत नाही. वाक्य संपतं, पाहुणी कप खाली ठेवते, प्रकरण पुढे जातं. वाचक मात्र तिथेच थांबतो. रडू आलंच तर पुष्कळांना ते इथे येतं.

हे टिपायचं तर संवाद हळू वाचावे लागतात. निवेदन भरभर वाचलं तरी चालतं, संवाद नाही. कोण ‘आहे’ म्हणतं, कोण ‘होती’ म्हणतं, कोण नावच घेणं सोडून ‘ते सगळं झालं तेव्हा’ असं बोलू लागतं, कोण घरातल्या माणसांचा आकडा सांगताना चार म्हणतं आणि कोण तीन. अनुवादित कादंबरीत हे काम अनुवादकाच्या कानावर असतं. काही ठिकाणी मूळ वाक्यातला काळ मराठीत गुळगुळीत होऊन जातो आणि मोठी जखम साध्या माहितीसारखी वाचली जाते. चांगल्या अनुवादात ‘लागतो’च्या जागी ‘लागतो’च असतो.

‘हरवणे’ हे क्रियापदही नीट पाहण्यासारखं आहे. ‘मुलगी हरवली’ म्हटलं की कर्ता मुलगी. ‘मी मुलीला हरवलं’ म्हटलं की कर्ता मी. क्रियापद तेच, दोष मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला. कादंबरीतला बाप बाहेरच्यांशी पहिलं वाक्य बोलतो आणि एकटा असताना दुसरं. नवरा-बायकोच्या भांडणात एक दिवस तिसरं येतं, ‘तू हरवलंस.’ बहुतेक कादंबऱ्यांत ते घर तिथून फुटायला लागतं. वाचक त्या क्षणी एकाची बाजू घेतो. घेऊ द्यावी, पण कुणाची घेतली हे लक्षात ठेवावं, कारण पन्नास पानांनी ती बदलते.

मधला भाग अवघड. शोध थंडावतो, पोस्टरं उन्हाने फिकी होतात, फोन वाजायचे थांबतात. काही घडत नाही. वाचकाला कंटाळा येतो आणि पाठोपाठ कंटाळ्याची लाज वाटते: मूल सापडलेलं नाही आणि मी पानं मोजतोय? पुस्तकं अर्धवट सुटतात ती याच टप्प्यावर, निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. सोडण्याचं कारण आपण कंटाळा असं देतो. खरं कारण थकवा असतं. अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी 1970च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, या अवस्थेला नाव दिलं. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस समोर नाही, पण मनातून गेलेला नाही. मेल्याची खात्री नाही, जगल्याची नाही. त्यामुळे शोक सुरूच होऊ शकत नाही, मग संपणार कुठून? बॉस यांचं म्हणणं असं की अशा वियोगात ‘एकदाचा शेवट’ मागणंच चुकीचं आहे; ‘तो बहुधा आता नाही’ आणि ‘तो कदाचित येईल’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात धरून जगायला शिकावं लागतं. कादंबरीचा मधला भाग वाचकाकडून हेच करून घेतो. आई ताट मांडते आणि उचलते. बाप गर्दीत तशीच वेणी दिसली की मागे जातो. तीच ती पानं वाटतात, कारण त्यांचे दिवसही तेच ते आहेत.

म्हणून मोजून वाचावं. तीनशे पानांची कादंबरी सात-आठ तासांची असते. ती सहा बैठकांत वाटून घ्यावी, एका वेळी पन्नास पानं, साठच्या वर नाही. थांबायचं कुठे हे फार महत्त्वाचं, आणि इथे आमचा सल्ला नेहमीच्या सवयीच्या उलट आहे: प्रकरणाच्या शेवटी थांबू नये. प्रकरणाचा शेवट गळ टाकण्यासाठीच लिहिलेला असतो. दारावरची थाप, अनोळखी आवाजातला फोन. तो गळ घशात घेऊन झोपलं की डोळ्याला डोळा लागत नाही. पुढच्या प्रकरणाची तीन-चार पानं वाचावीत आणि कुणी भांडी आवरतंय, कुणी बसची वाट पाहतंय अशा संथ जागी खूण ठेवावी. रात्री अंथरुणात हे पुस्तक नको. वाचलंच तर झोपेआधी निदान अर्धा तास दुसरं काही करावं, आणि ते दुसरं म्हणजे बातम्या नसाव्यात. या दिवसांत बेपत्ता मुलांच्या बातम्या शोधत बसण्याची ओढ लागते. कादंबरीतली भीती घेऊन खऱ्या घराच्या दुःखात शिरू नये. शिवाय कादंबरीत अनोळखी माणसाने पळवून नेणं वारंवार येतं. प्रत्यक्षात बेपत्ता म्हणून नोंदल्या जाणाऱ्या मुलांत स्वतःहून घर सोडून गेलेली मुलं पुष्कळ असतात. पुस्तकाने जगाचं प्रमाण मनात बदललेलं असतं, एवढं ध्यानात असू द्यावं.

ऐकून वाचणाऱ्यांनी आणखी जपावं. कानाला पान चाळता येत नाही, आणि आईचं वाक्य खऱ्या बाईच्या आवाजात येतं. वेग वाढवून ऐकण्याचा मोह होतो. मग ‘लागतो’ आणि ‘लागायचा’ सारखेच ऐकू येतात.

घरात लहान मूल असेल तर रात्री उठून त्याच्या खोलीत डोकावलं जातं, गर्दीत त्याचं मनगट जरा जास्तच आवळलं जातं. काही दिवसांत ते ओसरतं. त्या भीतीपायी मुलावर ओरडणं मात्र होऊ देऊ नये. त्याने पुस्तक वाचलेलं नसतं.

शेवट आधी पाहावा का, यावर वाचकांत दोन तट आहेत. आमचं मत असं: ज्याच्या घरात असं काही घडलं आहे, किंवा ज्याची झोप खरोखर उडाली आहे, त्याने खुशाल पाहावा. त्याहून चांगलं म्हणजे वाचलेल्या कुणाला एकच विचारावं, ‘सापडतं का?’ कसं, कुठे, कुणी, हे विचारू नये. बाकीच्यांनी थांबावं. ठाऊक नसणं हीच त्या आईबापांची स्थिती आहे. शेवट पाहिला की आपण त्यांच्या घरातून उठून बाहेर येतो आणि खिडकीतून बघत राहतो.

शेवटाचे प्रकार थोडेच असतात, पण प्रत्येकाचा परिणाम अगदी वेगळा. मूल लवकर सुखरूप सापडलं की जीव भांड्यात पडतो आणि दोन दिवसांत पुस्तक विसरायला होतं. मृतदेह सापडला की आधी सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेची स्वतःलाच किळस येते. येऊ नये. आस संपली, करुण सुरू झाला. आई ज्या पानावर पहिल्यांदा मोठ्याने रडते त्याच पानावर वाचकही रडतो, आणि दोघांनाही त्याची गरज होती. खूप वर्षांनी परतलेलं मूल हा आम्हाला सगळ्यात जड वाटणारा शेवट. खोली तशीच जपलेली असते, कपाटातले कपडे सहा वर्षांच्या मापाचे, आणि दारात सतरा वर्षांची मुलगी उभी असते जिला या घराचा वास आठवत नाही. आई जिची वाट पाहत होती ती मुलगी कधीच येणार नसते, कारण ती आलेली आहे. इथे घाईने पान उलटलं जातं. उलटू नये.

आणि काहीच न कळणारा शेवट. जॉन मॅकग्रेगरच्या 2017च्या ‘रिझर्व्हॉयर 13’मध्ये तेरा वर्षांची मुलगी नाहीशी होते, पुढे तेरा प्रकरणं, तेरा वर्षं, गावाचे ऋतू, पाखरं, लग्नं, घटस्फोट. ती सापडत नाही. असं पुस्तक मिटताना राग येतो, लेखकाने फसवलं असं वाटतं. तो राग तीन-चार दिवस असू द्यावा आणि तोवर पुस्तकाबद्दल मत देऊ नये. राग उतरल्यावर त्याच्या खाली काय आहे ते दिसतं. त्या आठवड्यात याच जातीचं दुसरं पुस्तक मात्र हाती घेऊ नये. पहिल्यातलं मूल दुसऱ्यात शोधलं जातं.

गटात बोलायला बसलात तर ‘कुणी केलं’ किंवा ‘शेवट आवडला का’ यावर तास घालवू नका. एकच प्रश्न फिरवा: तुम्ही आस कितव्या पानावर सोडली? प्रत्येकाने आकडा कागदावर लिहावा आणि मग सगळ्यांनी एकदम उघडावा. आकडे एकमेकांपासून दीडशे पानं लांब पडतात, आणि कुणाकुणाचा कागद कोरा असतो. मग ती पानं उघडून मोठ्याने वाचावीत. तिथे बहुधा मोठं काही नसतं. एक बूट दान केला जातो, एक फोन नंबर बदलला जातो. आणि बसण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवावं की ज्याला नको असेल त्याने कारण न देता उठून जावं.

दुसरं वाचन वर्षभराने करावं. तेव्हा शोधाची पानं झरझर जातात आणि सगळं लक्ष पहिल्या पंचवीस पानांवर येतं. तिथे, पहिल्याच पानावर, एखादं साधं वाक्य असतं: तिला अंधारात झोप येत नसे. पहिल्या वेळी ते गोष्ट सांगण्याचा नेहमीचा भूतकाळ म्हणून निघून गेलेलं असतं. गोष्टी अशाच सांगतात. आता डोळा ‘नसे’वर अडतो. निवेदकाला तेव्हाच सगळं ठाऊक होतं, की हा नुसता गोष्टीचा काळ आहे, ते क्रियापद सांगत नाही. मावशी चुकली तेव्हा आई शेजारीच बसलेली होती. या पानावर दुरुस्त करायला कुणी नाही. पुष्कळांच्या प्रतीत त्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ असते, पहिल्या वेळच्या रेघांपेक्षा जरा गडद.